वाचकांचे प्रश्न : तपकिरी रेघ नक्की कशाची?

मागील अंकात स्तनाच्या कर्करोगातील ‘हर-टू’ या प्रथिनाविषयी आणि ते शोधण्यासाठी प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या प्रतिपिंडांविषयी (अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक रेणूला ओळखून चिकटणारी प्रथिने) लेख आला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही रुग्णांच्या नातेवाइकांची, काही विद्यार्थ्यांची आणि एक-दोन थेट प्रयोगशाळेच्या ओट्यावरून लिहिलेली आहेत. ज्यांच्या वाचनात तो लेख आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हर-टू हे पेशीच्या आवरणात रोवलेले आणि वाढीचा संदेश आत पोचवणारे प्रथिन असून त्याचे जनुक सतराव्या गुणसूत्रावर असते. स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे १५ ते २० टक्के गाठींत या जनुकाच्या प्रती किंवा त्या प्रथिनाचे प्रमाण बेसुमार वाढलेले असते. निरोगी पेशीवर जिथे हे रेणू काही दहा हजारांत मोजावेत, तिथे अशा गाठीतील पेशीवर त्यांची संख्या वीस लाखांपर्यंत जाऊ शकते. अमेरिकेतील डेनिस स्लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये १८९ गाठी तपासून असे दाखवले की जनुकाच्या प्रती वाढलेल्या रुग्णांत रोग लवकर उलटतो. तेव्हापासून ‘या गाठीत हर-टू किती आहे?’ हा प्रश्न संशोधनाचा आणि पुढे उपचाराचाही झाला, आणि त्याचे उत्तर देण्याचे काम मुख्यतः प्रतिपिंडांकडे आले.

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीच्या बायोप्सीच्या अहवालात ‘हर-टू : २+, अनिर्णित, फिश तपासणी करावी’ असे लिहिले आहे. प्रतिपिंड एका ठरावीक प्रथिनालाच चिकटते असे आपण लिहिले होते. मग उत्तर ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे सरळ का मिळत नाही? आणि २+ म्हणजे रोग दुसऱ्या टप्प्यात गेला असे समजायचे का?
— एक निवृत्त शिक्षिका, सातारा

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण घरातली काळजी बहुधा त्यानेच वाढली असणार. २+ म्हणजे रोगाचा दुसरा टप्पा नव्हे. टप्पा मुख्यतः ठरतो तो गाठीचा आकार, काखेतील गाठी आणि रोगाचा प्रसार यांवरून. २+ ही फक्त एका रंगाच्या गडदपणाला दिलेली श्रेणी आहे.

आता तो रंग कुठून येतो ते पाहू. बायोप्सीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टिकवून, मेणात बसवून, त्याचा साधारण चार मायक्रॉन जाडीचा छेद काचपट्टीवर घेतात. त्यावर हर-टूला चिकटणारे प्रतिपिंड सोडतात, न चिकटलेले धुऊन टाकतात आणि मग त्या प्रतिपिंडाला पकडणारे, एंझाइम जोडलेले दुसरे द्रव्य घालतात. शेवटी डीएबी नावाचे रसायन घातले की जिथे एंझाइम असेल तिथे तपकिरी साका बसतो. सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्याला प्रथिन कधीच दिसत नाही. निळसर केंद्रकांभोवती पेशीच्या कडेने उमटलेली तपकिरी रेघ तेवढी दिसते, आणि तिच्यावरून प्रथिनाच्या प्रमाणाचा अंदाज बांधायचा असतो.

हर-टू निरोगी पेशींवरही थोडे असतेच. त्यामुळे इथे प्रश्न आहे-नाहीचा नसून किती आहे याचा आहे, आणि ‘किती’ला कुठेतरी रेषा आखावी लागते. दहा टक्क्यांहून अधिक कर्कपेशींच्या भोवती अखंड आणि ठसठशीत तपकिरी कडे असेल, म्हणजे मधाच्या पोळ्याची जाळी दिसावी तसा छेद दिसत असेल, तर ३+ म्हणतात. कडे अखंड आहे पण फिकट किंवा मध्यम आहे, अशा पेशी दहा टक्क्यांहून अधिक असतील तर २+. जेमतेम दिसणारी, तुटक रेघ असेल तर १+, आणि तीही नसेल किंवा फार तर दहा टक्के पेशींतच असेल तर ०. ३+ ला डोळा सहसा फसत नाही. २+ मध्ये मात्र ज्यांत जनुक खरोखर वाढलेले आहे अशा गाठी आणि ज्यांत ते वाढलेले नाही अशाही गाठी एकत्र येऊन पडतात. म्हणून तिथे प्रथिन सोडून थेट जनुकाच्या प्रती मोजतात. तीच फिश तपासणी. तीत हर-टूच्या जनुकावर एका रंगाचा आणि सतराव्या गुणसूत्राच्या मध्यबिंदूवर दुसऱ्या रंगाचा चमकणारा ठिपका उमटवून दोन्ही ठिपके मोजतात. गुणोत्तर दोन किंवा त्याहून अधिक आणि पेशीमागे सरासरी चार किंवा त्याहून अधिक प्रती असतील तर जनुक वाढलेले आहे असे धरतात. मधल्या काही गुंतागुंतीच्या जोड्यांसाठी आणखी नियम आहेत, पण बहुतेक गाठी इथेच निकाली निघतात.

आपल्या भगिनींच्या डॉक्टरांशी एक गोष्ट आवर्जून बोलावी. फिशमध्ये जनुक वाढलेले नाही असे आले, तरी २+ हा निकाल आता टाकाऊ राहिलेला नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत असे दिसले की १+ किंवा फिश-नकारात्मक २+ असलेल्या, शरीरात पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णांना ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकन या औषधाचा लाभ होतो. आपल्या भगिनींच्या बाबतीत ते लागू आहे की नाही हे त्यांच्या रोगाच्या स्थितीवर अवलंबून आहे आणि ते त्यांच्या डॉक्टरांनीच सांगायचे. या शोधामुळे आमच्या क्षेत्रात मात्र एक नवीच पंचाईत झाली. ही सारी तपासणी ३+ ओळखण्यासाठी घडवलेली होती. ० आणि १+ मधला फरक पूर्वी कुणी फार मनावर घेत नसे, कारण त्याने उपचार बदलत नव्हते. ज्या रेषेवर एकाच काचपट्टीविषयी दोन अनुभवी विकृतिशास्त्रज्ञांची मते सहज वेगळी पडतात, तिच्यावर आता औषध मिळणे-न मिळणे ठरू लागले आहे. भाजीवाल्याच्या तराजूने सोने तोलायला सांगावे, असा हा प्रकार आहे असे मला स्पष्टपणे वाटते.

प्रश्न : ट्रास्टुझुमॅब हे औषधसुद्धा हर-टूविरुद्धचे प्रतिपिंडच आहे. मग प्रयोगशाळेत छेद रंगवायलाही तेच का वापरत नाहीत?
— औषधनिर्माणशास्त्राचा एक विद्यार्थी, मडगाव

दोघांचा लक्ष्यबिंदू एकच असला तरी दोघांचे काम निराळे आहे. ट्रास्टुझुमॅबची कुळकथा ४डी५ नावाच्या, उंदरापासून मिळवलेल्या प्रतिपिंडापाशी सुरू होते. उंदराचे प्रतिपिंड माणसाला पुन्हा पुन्हा टोचले तर शरीर ते परके मानून त्याविरुद्धच लढू लागते. म्हणून त्यातील हर-टूला पकडणारा भाग तेवढा ठेवून बाकीचा साचा मानवी प्रतिपिंडाचा केला गेला. ते काम १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि सप्टेंबर १९९८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या औषधाला मान्यता दिली. त्याबरोबरच छेद रंगवून रुग्ण निवडण्याच्या चाचणीलाही मान्यता मिळाली. औषध आणि ते कुणाला द्यायचे हे सांगणारी प्रतिपिंडाची चाचणी अशी जोडीने बाजारात येण्याचे हे सुरुवातीचे आणि गाजलेले उदाहरण आहे.

आता मानवी साचा हाच छेद रंगवताना अडसर ठरतो. पहिल्या प्रतिपिंडाला पकडण्यासाठी आपण दुसरे द्रव्य घालतो, हे वर आले आहेच. पहिले प्रतिपिंड मानवी असेल तर दुसरे द्रव्य मानवी प्रतिपिंडांना पकडणारे हवे, आणि रुग्णाच्या ऊतकात तर त्याची स्वतःची मानवी प्रतिपिंडे रक्तातून आधीच मुरलेली असतात. सगळा छेद तपकिरी होईल. ससा किंवा उंदीर यांच्या प्रतिपिंडाला हा त्रास मानवी ऊतकात होत नाही.

दुसरा फरक पकडीच्या जागेचा आहे. जिवंत पेशीच्या आत प्रतिपिंडाला सहजी जाता येत नाही, म्हणून औषधाला हर-टूच्या बाहेरच्या भागावरच बसावे लागते; ट्रास्टुझुमॅब आवरणालगतच्या भागावर बसते. काचपट्टीवरच्या पेशी मात्र पात्याने कापलेल्या, उघड्या असतात. त्यामुळे आज अनेक ठिकाणी वापरले जाणारे ४बी५ हे सशाचे प्रतिपिंड प्रथिनाच्या पेशीतील टोकाला पकडते आणि उत्तम चालते. औषध म्हणून त्याचा काहीच उपयोग झाला नसता.

प्रश्न : मी पीएच.डी.साठी उंदरांत वाढवलेल्या मानवी स्तनकर्करोगाच्या गाठींवर काम करते. उंदरापासून बनवलेले हर-टूचे प्रतिपिंड वापरून वेस्टर्न ब्लॉट (प्रथिने जेलमध्ये वजनानुसार वेगळी करून, पटलीवर उतरवून प्रतिपिंडाने शोधण्याची पद्धत) केला, तर बशीत वाढवलेल्या पेशींच्या नमुन्यात १८५ किलोडाल्टनला (हे रेणूच्या वजनाचे एकक) एकच स्वच्छ पट्टा येतो. पण गाठींच्या नमुन्यांत त्याबरोबर ५० च्या आसपास एक जाड आणि २५ ला एक पुसट पट्टा येतो. ‘१८५ चा पट्टा कापून दाखव, खालचे सोडून दे’ असे प्रयोगशाळेतील ज्येष्ठ सांगतात. तसे करावे का?
— एक संशोधक विद्यार्थिनी, पुणे

करू नये. प्रतिमा कापून चुकीचा भाग झाकला जातो, पण चूक तिथेच राहते. शिवाय खालच्या पट्ट्यांचे उत्तर आपल्या पत्रातच दडलेले आहे.

गाठ उंदराच्या शरीरात वाढली म्हणजे तिच्यात उंदराचे रक्त, आणि रक्ताबरोबर उंदराची स्वतःची प्रतिपिंडे आली. नमुना गरम करून त्यातील गंधकाचे बंध तोडले की प्रतिपिंडाचे दोन प्रकारचे तुकडे होतात : सुमारे ५० किलोडाल्टनची जड साखळी आणि सुमारे २५ ची हलकी. आपले दुय्यम प्रतिपिंड, म्हणजे पहिल्याला पकडण्यासाठी घातलेले दुसरे, उंदराच्या कोणत्याही प्रतिपिंडाला पकडते. आपण घातलेले कोणते आणि त्या प्राण्याचे कोणते हे त्याला कळायचे कारण नाही. बशीतल्या पेशींना उंदराच्या रक्ताचा स्पर्शही झालेला नसतो, म्हणून तिथे हे पट्टे येत नाहीत. पडताळा सोपा आहे. त्याच नमुन्यांची आणखी एक पटली घ्या, पहिले प्रतिपिंड अजिबात घालू नका, केवळ दुय्यम घालून पाहा. ५० आणि २५ चे पट्टे तसेच उमटले तर त्यांचा हर-टूशी संबंध नाही हे सिद्ध झाले. मग सशापासून बनवलेले हर-टूचे प्रतिपिंड आणि त्याला जुळणारे, उंदराच्या प्रतिपिंडांना न चिकटणारे दुय्यम घेतले की काम निभावेल.

पण मला अधिक काळजी १८५ च्या त्या स्वच्छ पट्ट्याची वाटते, कारण त्याच्याविषयी आपल्यापैकी कुणालाच शंका आलेली नाही. हर-टूच्या कुटुंबात चार भावंडे आहेत आणि चौघांचीही वजने जवळपास आहेत. थोरले ईजीएफआर १७० किलोडाल्टनच्या आसपास धावते. साध्या जेलवर या उंचीला पंधरा किलोडाल्टनचा फरक म्हणजे जेमतेम केसाएवढे अंतर. प्रतिपिंड चुकून भावंडाला पकडत असेल तरी पट्टा ‘योग्य’ उंचीवरच दिसेल. शिवाय उंची हीच मुळात कच्ची साक्ष असते. अमिनो आम्लांच्या हिशेबाने हर-टूचे वजन १३८ च्या आसपासच भरते. बाकीचा भार त्यावर चढलेल्या शर्करेच्या साखळ्यांचा आहे. उलट, पी-५३ या प्रसिद्ध प्रथिनाचे नाव जेलवरच्या ५३ वरून पडले, प्रत्यक्षात ते ४४ च्या आसपास आहे.

म्हणून नमुन्यांच्या रांगेत तीन पेशीवंश (प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवत ठेवलेल्या पेशी) कायम ठेवावेत. एसके-बीआर-३ मध्ये हर-टू भरपूर असते. एमसीएफ-७ मध्ये अगदी थोडे असते. आणि सर्वांत मोलाचा तिसरा, एमडीए-एमबी-४६८ : त्यात ईजीएफआर खच्चून भरलेले असते, पण हर-टू जवळजवळ नसते. या तिसऱ्या रांगेत १८५ च्या आसपास काही उमटले, तर आपले प्रतिपिंड भावंडांत गल्लत करते आहे असे समजावे. त्यापुढची परीक्षा म्हणजे एसके-बीआर-३ मध्येच हर-टूचे जनुक गप्प करून पट्टा फिका पडतो का हे पाहणे. या पेशी हर-टूच्याच जिवावर वाढतात, त्यामुळे जनुक गप्प केल्यावर त्यांची वाढ मंदावते. फार दिवस वाट पाहिली तर पट्टा कशामुळे फिका पडला याचा उलगडा होणार नाही. म्हणून दोन-तीन दिवसांतच नमुना घ्यावा आणि प्रत्येक रांगेत एकूण प्रथिन सारखे आहे याचा पुरावा शेजारी ठेवावा.

आणखी एक बारकावा आहे. काही गाठींत हर-टूचा बाहेरचा भाग तुटलेला असतो आणि ९५ ते ११५ किलोडाल्टनचा उरलेला खुंट आवरणात राहतो. बाहेरच्या भागाला पकडणाऱ्या प्रतिपिंडाला तो खुंट दिसतच नाही; आतल्या टोकाला पकडणाऱ्याला दिसतो. तेव्हा उद्या ९५ च्या आसपास पट्टा दिसला तर तो लगेच कचरा समजून टाकू नये. एकाच प्रथिनाच्या दोन टोकांना पकडणारी दोन प्रतिपिंडे जवळ असण्याचा उपयोग अशा वेळी होतो. नमुना बनवताना प्रथिने तोडणारी एंझाइमे रोखली होती ना, हेही वहीत पाहावे, कारण असा खुंट कधी आपल्याच निष्काळजीपणातूनही तयार होतो.

वर सांगितलेल्या गोष्टी माझ्या मनाच्या नाहीत. प्रतिपिंडांची पारख कशी करावी यावर एका आंतरराष्ट्रीय गटाने २०१६ मध्ये पाच मार्ग सुचवले. जनुक बंद करून पाहणे आणि दुसऱ्या स्वतंत्र प्रतिपिंडाने पडताळणे हे त्यांतलेच दोन. मानवी प्रथिनांचा नकाशा तयार करण्याचा जो प्रकल्प २००३ पासून स्वीडनमध्ये चालू आहे, त्यानेही अशीच पद्धत अवलंबली. त्या प्रकल्पातील ऊतकांच्या असंख्य प्रतिमा वाचून नोंदवण्याचे मोठे काम मुंबईतील विकृतिशास्त्रज्ञांनी केले आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नसते.

आपण पुण्यातच आहात, तेव्हा पेशीवंश ओळखीच्या प्रयोगशाळेतून ‘थोड्या पेशी द्या’ म्हणून आणण्यापेक्षा गणेशखिंडीतील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीभांडारातून घ्यावेत आणि त्यांची जनुकीय ओळख तपासून घ्यावी. स्तनकर्करोगाचा म्हणून वर्षानुवर्षे वापरला गेलेला एमडीए-एमबी-४३५ हा पेशीवंश प्रत्यक्षात त्वचेच्या मेलॅनोमाचा निघाला होता.

प्रश्न : आमच्याकडे हर-टूचे छेद रंगवताना ३+ चा कंट्रोल (श्रेणी आधीच ठाऊक असलेला, पडताळ्याचा छेद) नेहमी उत्तम येतो. रुग्णांच्या काही छेदांत मात्र कडा गडद होतात, कधी सगळीकडे तपकिरी छटा पसरते, आणि गेल्या महिन्यात तर लाल रक्तपेशीही तपकिरी आल्या. दोष प्रतिपिंडाचा आहे का?
— एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ, नागपूर

लाल रक्तपेशी तपकिरी येणे ही फार उपयोगाची खूण आहे. रक्तपेशींवर हर-टू नसते, पण डीएबीला तपकिरी करण्याची किमया त्यांच्यातील हिमोग्लोबिनला अंगभूत साधते. ती मोडून काढण्यासाठी आपण छेदावर आधी हायड्रोजन पेरॉक्साइड घालतो. ते पेरॉक्साइड जुने होऊन निकामी झाले की हा प्रकार घडतो. माझ्या उमेदवारीच्या काळात आमच्या प्रयोगशाळेत तीन आठवडे आम्ही प्रतिपिंडाचे प्रमाण कमी-जास्त करत बसलो होतो. नवी कुपी मागवली, पुरवठादाराला खरमरीत पत्रही लिहिले. शेवटी छेद लावणाऱ्या मामांनी फक्त एवढेच विचारले, ‘साहेब, पेरॉक्साइडची बाटली उघडून किती दिवस झाले?’ तीत बुडबुडाही उरला नव्हता. पुरवठादाराची माफी मागावी लागली ते वेगळेच.

गडद कडांचे कारण बहुधा छेद मध्येच सुकणे हे असते. प्रतिपिंड घातल्यावर आर्द्रतेच्या पेटीचे झाकण नीट बसते का ते पाहावे. आणि काहीही झाले तरी कडेच्या पेशींवरून श्रेणी देऊ नये.

सगळीकडे छटा पसरण्यामागे अनेकदा आपल्या हाती नमुना येण्यापूर्वीचाच इतिहास असतो. शस्त्रक्रियेत काढलेला भाग तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा आणि १० टक्के तटस्थ बफरयुक्त फॉर्मॅलिनमध्ये तो ६ ते ७२ तास राहायला हवा. फॉर्मॅलिन ऊतकात तासाला साधारण एक मिलिमीटर शिरते. शनिवारी दुपारी काढलेले स्तन न चिरता तसेच बादलीत टाकून ठेवले, तर सोमवारी बाहेरून ते कडक लागते, पण मधोमध कुजू लागलेले असते, आणि गाठ बहुधा त्या मध्यातच असते. तिथून काढलेल्या छेदावर जगातले सर्वोत्तम प्रतिपिंडसुद्धा नीट बोलणार नाही. कापून ठेवलेले छेद सहा आठवड्यांहून जुने असतील तर तेही वापरू नयेत.

आता आपल्या कंट्रोलविषयी. केवळ ३+ चा कंट्रोल ठेवणे ही माझ्या मते या कामातली सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. तिथे प्रथिन इतके असते की प्रतिपिंड अर्धे थकले, ताप कमी पडला, तरी रेघ ठसठशीतच येते. चाचणी घसरते ती आधी १+ आणि २+ मध्ये. म्हणून त्याच काचपट्टीवर, रुग्णाच्या छेदाशेजारी ०, १+, २+ आणि ३+ असे चारही तुकडे बसवावेत. शिवाय एक कंट्रोल प्रत्येक रुग्ण स्वतःच घेऊन येतो : त्याच छेदातील निरोगी दुग्धनलिका. त्यांच्या पेशींभोवतीही तपकिरी कडी दिसू लागली, तर तो छेद वाचूच नये. चाचणी पुन्हा लावावी.

ताप म्हणताना मला अभिप्रेत आहे ती छेद बफरमध्ये उकळण्याची पायरी. फॉर्मॅलिन प्रथिनांना एकमेकांशी जखडून टाकते आणि प्रतिपिंडाला पकडायची जागा झाकली जाते. छेद खूप तापवला तर ही जखड सैल होते, हे १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मेणातल्या जुन्या गाठींचे अख्खे भांडार संशोधनाला खुले झाले. आपल्या यंत्रावर ती वेळ किती लावली आहे आणि ती कुणी बदलली तर नाही ना, हे एकदा पाहून घ्यावे.

प्रश्न : नामांकित नियतकालिकात ज्या प्रतिपिंडाने काम प्रसिद्ध झाले आहे तेच विकत घेतले, तर पुन्हा पारख करण्याची गरज उरते का?
— एक प्राध्यापक, कोल्हापूर

उरते. याचे ठळक उदाहरण ईआरसीसी-१ या प्रथिनाचे आहे. हे प्रथिन डीएनएची दुरुस्ती करते. सिस्प्लॅटिन हे औषध डीएनए बिघडवून पेशी मारते. साहजिकच, ज्या गाठींत दुरुस्ती करणारा कमी तिथे औषध अधिक चालावे अशी अटकळ होती. २००६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या सातशेहून अधिक रुग्णांच्या गाठी ८एफ१ या प्रतिपिंडाने रंगवून नेमके तसेच दाखवले गेले. अनेकांनी पुढच्या चाचण्यांची आखणी त्यावर केली. २०१३ मध्ये त्याच नियतकालिकात त्याच विषयावरचे दुसरे काम आले. आधीचा निष्कर्ष त्यांना पुन्हा मिळाला नाही. ८एफ१चे वागणे मधल्या काळात बदलले असावे असे त्यांना दिसले. त्यांनी बाजारातील १६ प्रतिपिंडे तपासली. या प्रथिनाची चार रूपे असून त्यांतले एकच दुरुस्तीचे काम पुरेपूर करते, पण ते एक रूप वेगळे ओळखणारे प्रतिपिंड त्या सोळांत एकही नव्हते. ८एफ१ एका भलत्याच प्रथिनालाही चिकटते, हेही आणखी एका चमूने दाखवून दिले होते.

यात कुणाची लबाडी नव्हती, हे मला महत्त्वाचे वाटते. पहिल्या गटात नाणावलेले लोक होते आणि दुसऱ्या कामातही त्यांतले काही होते. स्वतःचाच निष्कर्ष त्याच ठिकाणी मागे घ्यायला लागणारे धैर्य त्यांनी दाखवले.

प्रतिपिंड विकत घेताना म्हणूनच कंपनीचे नाव पुरेसे नसते. क्लोनचे, म्हणजे प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशीच्या वंशाचे, नाव आणि लॉट (उत्पादनाची खेप) क्रमांक वहीत लिहावा, आणि नवा लॉट आला की जुन्याची थोडी शिल्लक ठेवून दोन्ही एकाच दिवशी एकाच नमुन्यावर लावून पाहावेत. सशाच्या रक्तातून काढलेल्या मिश्र प्रतिपिंडांच्या बाबतीत तर हे अटळच आहे; तो ससा गेला की ते मिश्रण पुन्हा मिळत नाही. १९७५ मध्ये केंब्रिज येथे केलर आणि मिलस्टीन यांनी उंदराची प्रतिपिंड बनवणारी पेशी आणि मायलोमाची पेशी यांचा संयोग घडवून एकाच प्रकारचे प्रतिपिंड अखंड मिळवण्याची युक्ती काढली. मायलोमा हाही कर्करोगच आहे. कर्कपेशीची न मरण्याची खोड इथे कर्करोग शोधण्याच्याच कामी आली. पण अशा संकरित पेशीही वर्षानुवर्षे वाढवताना बदलू शकतात किंवा गोठवलेल्या कुपीसह नष्ट होऊ शकतात. २०१५ मध्ये शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये एकत्र लिहून मागणी केली की प्रतिपिंडाचा जनुकीय क्रम नोंदवून ते त्याबरहुकूम तयार करावे. ती मागणी मला रास्त वाटते, मात्र क्रम ठाऊक असला म्हणजे पकड अचूक असतेच असे नाही. आपल्या नमुन्यावर त्याची परीक्षा घ्यावीच लागते.

प्रश्न : या प्रतिपिंडांची नावे इतकी विचित्र का असतात? ‘केआय-६७’ मधला ६७ कशाचा?
— एक वाचक, ठाणे

बहुतेक नावे बशीतल्या खळग्यांवरून पडलेली असतात. संकरित पेशी ९६ खळग्यांच्या छोट्या बशीत वाटतात आणि ज्या खळग्यात हवे ते प्रतिपिंड सापडते त्याचा पत्ता तेच नाव होऊन बसते. ४डी५ हा असाच एखादा पत्ता वाटतो. केआय-६७ची गोष्ट निश्चित ठाऊक आहे. १९८३ मध्ये जर्मनीतील कील शहरात गेर्डेस आणि सहकाऱ्यांना हॉजकिन लिम्फोमाच्या पेशींवर काम करताना, विभाजनाच्या वाटेवर असलेल्या पेशींचीच केंद्रके रंगवणारे एक प्रतिपिंड सापडले. कील या शहराच्या नावातील पहिली दोन अक्षरे आणि सदुसष्टावा खळगा मिळून ते नाव झाले. गंमत म्हणजे आधी नाव पडले ते प्रतिपिंडाचे. ते ज्या प्रथिनाला चिकटते त्याची ओळख पुढे पटली, आणि त्या प्रथिनाला त्या खळग्याचेच नाव कायमचे चिकटले.